तुरुमतीचं बारसं

नमिताने आतल्या खोलीची कडी लावली आणि भावजयीसमोर उभी राहिली.

"आधी सांग, हे नाव कुणी सुचवलं? त्याशिवाय मी बाळाच्या कानात काही सांगणार नाय."

समीक्षा लेकीची कुंची सारखी करत राहिली.

"कुणी म्हणजे? मलाच आवडलं, ताई. तुरुमती. छोटा ससाणा असतो, तांबूस डोक्याचा. नाव तुर्कांकडून आलंय म्हणतात."

"तुर्कांकडून! वर्सोव्याच्या कोळ्याच्या पोरीला?"

बाहेर बायका पाळणा सजवून खोळंबल्या होत्या. खोळंबू देत! नमिताच्या डोक्यात तो चंद्रप्रकाश शिरला होता, तो काही निघेना. समीक्षाचा कॉलेजातला मित्र, आरेच्या जंगलात पक्ष्यांचे फोटो काढत हिंडणारा. नाव त्याचंच असणार. भाऊ कृणाल काय, भोळा सांब. बायको म्हणेल तिथे मान डोलावणारा. नमिताचा स्वतःचा संसार नवऱ्याच्या अशाच एका मैत्रिणीपायी मोडला होता. आता भावाच्या घरात तेच? आणि तेही आपल्या तोंडून, आत्याच्या मानाने?

"चंद्रप्रकाशने सुचवलं ना?"

"काहीतरीच काय, ताई!"

"मग कुणी ते सांग, नायतर मी मंजुळा ठेवते. आजीचं नाव. बसा मग बोंबलत."

ती कडीला हात घालणार तोच समीक्षाने तिचा हात धरला.

"बाबांनी सांगितलं."

नमिता थबकली. नवरा सोडून आल्यावर तिने त्याचं आडनावही टाकलं, तेव्हा तिचा बाप भिकाजी भडकला होता. लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, म्हणाला होता. दोन वर्षं झाली, बापलेक एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते.

"बोंबील वाळत घातले होते ना, तिथे त्यांना तो पक्षी दिसला," समीक्षा हळूच म्हणाली. "मला बोलावून नाव विचारलं. मी म्हटलं, ही मादी आहे, तुरुमती. नराला चेटवा म्हणतात. तर किती वेळ वर बघत बसले. मग म्हणाले, म्हणजे हिला नवऱ्याच्या नावाची गरज नाय. हेच ठेव पोरीला. पण नमीला कळू देऊ नको. माझं आहे म्हटल्यावर ती नाय घेणार."

नमिताचे डोळे भरून आले. तिने पदराने ते खसाखसा पुसले आणि कडी काढली.

पाळण्यात वाकून तिने बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले.

"काय गं हे नाव? अर्थ काय त्याचा?" एकीने विचारलं.

भिकाजी बाहेर ओट्यावर पाठमोरा बसला होता.

"बाबा," नमिताने हाक मारली, "आत ये रे. अर्थ विचारतायत ह्या. तूच सांग."