कोतवालाची पहाटफेरी

बदलापूरला मांजर्लीत तळमजल्यावर अवधूत कर्णिकचा फ्लॅट आहे. त्या फ्लॅटच्या माळ्यावर, जाड रजया आणि गणपतीचं मखर यांच्या मधोमध, एक गाव वसलेलं होतं. गावाचं नाव बारावेशी. गावाला नदी होती, बाजारपेठ होती, धर्मशाळा होती आणि एक विहीर होती, तिच्यात उतरलेला माणूस थेट स्मशानात निघायचा. हे सगळं एका जुनाट कॉम्प्युटरमध्ये, आणि तेही नुसत्या शब्दांत. चित्र औषधालाही नाही. कुणीही आपल्या घरून इंटरनेटवर त्या कॉम्प्युटरला जोडून घ्यायचं, ‘उत्तरेला जा’ असं टाइप करायचं, की पडद्यावर उमटायचं: ‘तू बाजारपेठेत आला आहेस. सोनाराचं दुकान बंद आहे. कुणीतरी तुझ्याकडे पाहतंय.’ ते कुणीतरी म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी घरात बसून असंच टाइप करणारा दुसरा माणूस. खेळ तो एवढाच.

अवधूत आणि त्याच्या मित्रांनी हे गाव कॉलेजात असताना अंबरनाथच्या एका सायबर कॅफेत बसून उभं केलं होतं. तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसे. लोक भांडायचे, दरोडे घालायचे, एकदा तर दोघांनी गावातल्या देवळात लग्न लावून घेतलं आणि पुढे खरोखरचंही लावलं. मग चित्रांचे खेळ आले, मोबाइल आले, आणि माणसं निघून गेली, जशी जायचीच असतात. मित्रही बरेचसे गेले. अवधूत कोतवाल होता, तो राहिला. आता गावात पाच जण उरले होते: एक दरोडेखोर, एक वैद्यीणबाई, एक सोनार, एक गोसावी आणि एक पाणक्या. ते मात्र हलले नव्हते.

या पाच जणांचा अवधूतला फार अभिमान. रोज सूर्योदयाला कोतवाल गावातून फेरी मारायचा आणि विचारायचा, ‘रामराम मंडळी, सगळं क्षेम?’ पाचही जण उत्तर द्यायचे, ‘रामराम कोतवाल, सगळं क्षेम.’ दिवसभर त्यांची काही ना काही हालचाल असे. दरोडेखोर मिशीला पीळ द्यायचा, वैद्यीणबाई मुळ्या कुटायच्या. आणि शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जायची असली, की अवधूत आदल्या दिवशी दवंडी द्यायचा. यंत्र बंद होताना ज्याच्या हातात जे असेल ते कायमचं जायचं, म्हणून दवंडी ऐकली की सगळ्यांनी धर्मशाळेत यायचं, सामान खाली ठेवायचं आणि पहिल्यानं येईल त्यानं दिवा लावायचा, अशी चाल पडली होती. ही दवंडी तो स्वतः लिहायचा, कारण वीज कधी जाईल हे दर वेळी वेगळं. पाचही जण न चुकता यायचे. अवधूतच्या सोसायटीच्या मीटिंगला इतकी माणसं जमत नसत.

त्याच्या बायकोला, उमाला, हे पाच जण नावानिशी ठाऊक होते, सासरची माणसं ठाऊक असतात तसे. पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा अवधूतनं आधी यंत्र उचलून माळ्यावर टाकलं होतं आणि मग तो लग्नाच्या अल्बमकडे वळला होता. अल्बमातले फोटो एकमेकांना चिकटले ते चिकटलेच. उमा त्यावर कधी बोलली नाही, पण दिवाळीच्या साफसफाईत तो फुगलेला अल्बम ती दर वर्षी बाहेर काढायची, पुसायची आणि जागच्या जागी ठेवायची.

उमा उल्हासनगरला एका बँकेच्या शाखेत अधिकारी होती. आता तिला बढती मिळाली होती. मॅनेजर म्हणून रत्नागिरीला जायचं होतं. मागे एकदा तिनं बढती नाकारली होती, तेव्हा त्यांची मुलगी राजसी शाळेत होती. आता राजसी पुण्याला शिकत होती आणि नाकारायला कारण उरलं नव्हतं. अवधूत एका विमा कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर घरूनच सांभाळायचा. ते काम रत्नागिरीतूनही झालं असतं, चंद्रावरूनही झालं असतं.

“पण यंत्राचं काय?” अवधूत म्हणाला.

“घेऊन चल.”

“जागचं हललं तर डिस्क पुन्हा फिरेल याची खात्री नाही. दुसऱ्या मशीनवर गाव चालत नाही, तुला माहितेय. मागच्या खेपेला नदी देवळाच्या कळसावरून वाहायला लागली होती.”

“मग बंद कर.”

“त्या पाच जणांना काय सांगू, उमा? इतकी वर्षं ते भरवशावर येतात.”

“बरं,” उमा म्हणाली. “मी एकटी जाईन.” आणि ती कपडे वाळत घालायला गेली. तिनं आवाज चढवला असता तर अवधूतला बरं पडलं असतं. बायको भांडली की निदान आपली बाजू मांडता येते. त्याला भीती वाटली. तो रत्नागिरीला नाही गेला तर तिथं उमाचं त्याच्याशिवाय नीट चालेल, ही ती भीती होती.

त्या गुरुवारी त्यानं दवंडी दिली, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्यात दोन ओळी जास्त घातल्या: ‘उद्या वीज जाणार. त्यानंतर गाव पुन्हा उघडेलच असं नाही. कुणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा.’

पाचही जण आले. सामान खाली ठेवलं. वैद्यीणबाईंनी दिवा लावला. ‘रामराम कोतवाल, सगळं क्षेम,’ एकेकानं म्हटलं. दरोडेखोरानं मिशीला पीळ दिला. बाकी कुणी चकार शब्द काढला नाही.

काय ही माणसं! तक्रार नाही, रडारड नाही, का म्हणून विचारणं नाही. आपण गाव मोडायला निघालो तर हे दिवा लावून बसले. एवढी वर्षं याच लोकांसाठी झिजलो ते चुकलं नाही, असं अवधूतला मनापासून वाटलं. शुक्रवारी वीज गेली, आली, आणि त्यानं गाव पुन्हा सुरू केलं. अशा माणसांना वाऱ्यावर सोडायची त्याची छाती होईना. निदान एकाला तरी प्रत्यक्ष भेटून धीर द्यावा म्हणून त्यानं शनिवारी स्कूटर काढली आणि तो जुन्या बदलापूर गावात कल्पेशकडे गेला.

कल्पेश म्हणजे बारावेशीतला दरोडेखोर. कॉलेजात दोघं एका बाकावर बसायचे. त्याच्या घरची भातशेती होती. तिच्यातली थोडी गेली, थोडी राहिली, आणि आता तो रेती, विटा, सिमेंट पुरवण्याचा धंदा करायचा. ऑफिसात सिमेंटच्या गोण्यांच्या आडोशाला एक जुना कॉम्प्युटर सुरू होता. त्याच्यावर दसऱ्याचा झेंडूचा हार वाळून तसाच होता.

“अरं, तू कवा आलास? बस, बस. चाय सांगतो.”

“कल्पेश, वाईट वाटून घेऊ नकोस,” अवधूत खुर्चीत बसत म्हणाला. “मी अजून काही नक्की केलेलं नाही.”

“कशाचं रं?”

“गाव बंद करायचं.”

“कुठलं गाव?”

“बारावेशी!”

कल्पेशनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्या हार घातलेल्या कॉम्प्युटरकडे. मग टेबलावरचा पेन उगाच इकडचा तिकडे ठेवला. “आयला,” तो म्हणाला. “दवंडीत कायतरी लिवलंस वाटतं.”

“तू वाचलं नाहीस?”

“आता तुला काय सांगू, अवधूत. कोन नाय वाचत. मी त्यात गेल्याला वरसं झाली.” त्यानं खुर्ची जवळ ओढली. “आईक. तू रोज पहाटं उठून विचारतंस, रामराम मंडळी. मना तर धंद्यात टाइम भेटंना. पन आपला मानूस एवरा उठून विचारतंय, आनि कोनीच काय बोललं नाय, तर बरं दिसतंय का? मंग मी एक प्रोग्राम लावला. तू विचारलास का उत्तर जातंय. दवंडी आली का धर्मशालेत जातंय. मधी मधी मिशीला पील.”

“आणि बाकीचे?”

“आपल्या वैद्यीनबाईचा, चैत्रालीचा फोन आल्ता. मना बोलली, मला पण दे, नाहीतर अवधूतला वाईट वाटेल. मंग एक-एक करून सगल्यांनाच दिला. दिवा लावाचा तिनं सवताच टाकलाय हां, आपला नाय तो.” तो ओशाळं हसला. “पोरांना सांगून ठेवलंय, शेठचा कंप्युटर बंद नाय कराचा. त्यांना वाटतं देवाचा हाय.”

चहा आला.

“पन तुला मानला पायजे,” कल्पेश म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरीखुरी माया होती. “एकपन दिस चुकला नाय तुझा. पूर असू दे, लगीन असू दे, कोतवाल सूर्य उगवाला हजर. तू हाईस म्हनून आमी हाव. तू बंद केला अस्तास तर आमी कवाच सुटलो अस्तो, खरं सांगतो.”

अवधूत रोज आठला उठतो. पहाटफेरी करायचा तो सुरुवातीला, अगदी नेमानं. मग राजसीला कावीळ झाली, दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि त्यानं चार दिवसांपुरतं म्हणून कोतवालाला वेळ लावून दिली: सूर्योदय झाला की आपोआप उठायचं आणि विचारायचं. मुलगी बरी झाली. कोतवाल उठत राहिला. अवधूत हे विसरला होता म्हणणं जरा जास्त होईल. आठवायचं कारण पडलं नव्हतं, एवढंच. उठल्यावर चहा घेत तो पाच जणांची उत्तरं वाचायचा आणि त्याला आपण एकटे नाही असं वाटायचं.

“हं,” तो म्हणाला, आणि त्यानं चहा संपवला.

रविवारी तो खरोखर पहाटे उठला. कोतवालाची लावलेली वेळ काढून टाकली आणि स्वतः गावात शिरला. वाटसुद्धा तो दोनदा चुकला. बाजारात पाचही जण होते. त्यानं टाइप केलं, ‘काय मंडळी, झोप झाली का?’

दरोडेखोरानं मिशीला पीळ दिला. वैद्यीणबाईंनी मुळ्या कुटल्या. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

‘मी अवधूत. आज मीच आहे,’ त्यानं लिहिलं.

गोसाव्यानं जांभई दिली.

मग त्यानं नेहमीचं वाक्य लिहिलं, ‘रामराम मंडळी, सगळं क्षेम?’ आणि ते एन्टर होतंय न होतंय तोच पाचही जण एका सुरात म्हणाले, ‘रामराम कोतवाल, सगळं क्षेम.’ अवधूतला रडू येईल असं वाटलं, मग हसू येईल असं वाटलं, आणि दोन्ही आलं नाही. राग करावा तर तो कुणाचा करणार?

उमा उठली तेव्हा तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेला होता. तिनं दोघांचा चहा केला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं.

“पाचही?”

“पाचही.”

“आणि तुझा कोतवाल?”

“तोसुद्धा. राजसीच्या काविळीपासून.”

उमा हसायला लागली. ओट्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. अवधूतही हसला. मग ती एकदम थांबली आणि पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, “दुपारी मला तुझा मेसेज येतो. ‘जेवलीस का?’ रोज. त्याच वेळेला. तो कोण पाठवतं?”

“मी.”

“हातानं?”

“हातानं, उमा. शप्पथ.”

तिनं त्याचा चेहरा नीट न्याहाळला. तो खरं बोलत होता, हे तिला कळलं, आणि तिचाच चेहरा उतरला.

“आणि मी काय उत्तर देते?”

“‘हो, तू?’”

“रोज तेच ना?” उमा म्हणाली. “ते माझं नाही. फोन खाली तीन उत्तरं सुचवतो, मी मधलं दाबते. कितीदा तर डबा उघडलेलासुद्धा नसतो, समोर रांग असते. सहा-सात वर्षं झाली असतील.”

कुकरची शिट्टी झाली. उमानं गॅस बंद केला.

“मी येतोय रत्नागिरीला,” अवधूत म्हणाला. “यंत्र रजयांत गुंडाळून नेऊ. सुरू झालं तर झालं, नाही तर नाही. त्या पाच जणांना फोन करून सांगतो, यायचं असेल तर हातानं या.”

“तिकडं मेसेज नको पाठवूस,” उमा म्हणाली. “मी दुपारी घरी येईन. तोंडानं विचार.”

“बरं.” मग, नवीन भाषेतलं पहिलं वाक्य बोलावं तसं अडखळत त्यानं विचारलं, “चहा घेतलास का?”

उमानं हातातल्या कपाकडे पाहिलं. सवयीनं ‘हो’ म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “गार झालाय. परत कर.”