पांढऱ्या काठाची फांदी

मी ड्युरांटा बोलतोय. कुंपणाला लावतात, कातरून चौकोनी करतात, तोच. पण मी साधा हिरवा नाही. माझ्या प्रत्येक पानाला पांढरा काठ आहे. बारा महिने माझी पानं टिकतात, उंची कमरेवर जात नाही आणि कुंडीतही मी मजेत राहतो. स्वतःचं कौतुक जरा जास्त होतंय खरं, पण देखणेपण वाट्याला आलं की गप्प बसवत नाही.

माझा जन्म पैठण रोडवरच्या जब्बारभाईंच्या रोपवाटिकेतला. रोपवाटिकेला साध्या हिरव्या ड्युरांटाचं कुंपण होतं. एका सकाळी त्यावर कातर चालवताना जब्बारभाई मध्येच थांबले. सगळ्या हिरव्या गर्दीत एकाच फांदीला पांढऱ्या काठाची पानं आली होती. ती कुणी लावली नव्हती, कुणी कलम केलं नव्हतं. झाडालाच कधी कधी असं काहीतरी सुचतं. जब्बारभाईंनी त्या फांदीला चिंधी बांधली आणि कातर दुसरीकडे वळवली.

पावसाळ्यात त्यांनी तिच्या पेन्सिलीएवढ्या आठ काड्या केल्या, खालची पानं काढली आणि वाळूत खोचल्या. त्यातल्या दोनच जगल्या. एक त्यांनी बोअरजवळ जमिनीत लावली आणि दुसरा मी, काळ्या पिशवीत वाढलो. त्याच हिवाळ्यात रस्ता रुंद झाला आणि जुनं कुंपण मुळासकट गेलं. म्हणजे आमच्या कुळात आम्ही दोघंच उरलो.

मोनिका मला न्यायला आली तेव्हा तिला खरं तर पंधरा रोपं हवी होती. शहरातल्याच सातारा परिसरात तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, शिवराजनं, नवीन रो-हाऊस घेतलं होतं आणि फाटकापासून भिंतीपर्यंत कुंपणासाठी पट्टा मोकळा ठेवला होता.

"ताई, द्यायला असं एकच आहे," जब्बारभाई म्हणाले. "हे घेऊन जा, चांगलं वाढवा, मग पावसाळ्यात ह्याच्याच काड्या लावा. अख्खं कुंपण ह्यातून निघेल."

मोनिकानं मला दारापाशी सिमेंटच्या कुंडीत लावलं. पट्टा खणून, शेणखत घालून, मी काड्या देण्याएवढा होईपर्यंत तिनं रिकामाच ठेवला. बँकेत जाताना आणि येताना ती माझ्या एका पानावरून बोट फिरवायची. आलेला प्रत्येक पाहुणा मला बघून थांबायचा, फोटो काढायचा. माझी मान ताठ झाली होती.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर नानासाहेब आले. मोनिकाचे सासरे, सिल्लोड तालुक्यातल्या एका गावचे. चाळीस वर्षं कपाशी आणि मका केला. गुडघे बोलायला लागले तसं शेत बटाईनं दिलं आणि शिवराज त्यांना इकडे घेऊन आला. शिवराज सकाळीच वाळूजला कंपनीत जायचा, मोनिका बँकेत. नाना दिवसभर फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचे. हाताला काम नाही आणि येणारा-जाणारा ओळखीचा नाही. त्यांच्या ताटात निम्मी भाकरी तशीच राहायची. दर आठ दिवसांनी पिशवी भरून ते दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "मला सिल्लोडच्या गाडीत बसवून द्या."

एका सकाळी त्यांची नजर माझ्यावर पडली. खुर्ची ओढत ते जवळ आले, पान उलटंपालटं करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"मोनिका, ह्याला तं केवडा पडलाय," ते म्हणाले. "मक्याला पडतो तस्साच. पानं पांढरी पडायला लागली की आम्ही धाट उपटून जाळतो."

उपटून जाळतो, हे ऐकून माझी मुळं गारठली. मोनिका गडबडीत होती. "नाना, ते तसंच असतं," एवढं म्हणून तिनं स्कूटी काढली. नानांना वाटलं, शहरातल्या माणसांना झाडाचं दुखणं कळत नाही.

त्यांनी मला उपटलं नाही. उपचार सुरू केले. शेतीच्या दुकानातून पानं हिरवी करणारा हिराकस आणून पाण्यातून घातला, युरियाची चिमूट दिली. उन्हाचा त्रास नको म्हणून माझी कुंडी ढकलत ढकलत सावलीत नेली. एवढं खाणं आणि एवढी सावली मिळाल्यावर व्हायचं तेच झालं. माझ्या बुडातून एक फांदी वर आली, आमच्या जुन्या कुंपणासारखी निव्वळ हिरवी, काठ नसलेली. ती पाहून नाना त्या दिवशी दीड भाकरी जेवले.

मग काय, त्यांनी ठरवून माझ्या पांढऱ्या काठाच्या फांद्या एकेक करून काढायला सुरुवात केली. रोगट फांदी काढली की निरोगीला जोर येतो, हा त्यांचा हिशोब. हिरव्या फांद्या माझ्याच, पण त्या पोटभर खातात आणि भराभर वाढतात. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. ज्या रूपासाठी मला इथं आणलं ते हा माणूस डोळ्यांदेखत खुडत होता आणि वर मला शाबासकी देत होता.

मोनिकाला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. एका संध्याकाळी ती दारात शिवराजला म्हणाली, "आपलं कुंपण राहिलं ह्या वर्षी. राहू दे. महिनाभरात नानांनी पिशवी भरली नाही, पोटभर जेवतात." शिवराज काही तरी बोलणार होता, पण तिनं मान हलवली आणि दोघं आत गेले.

उन्हाळा संपत आला. एका रविवारी जब्बारभाई फाटकात आले, नानांना ओळख सांगितली. त्यांची बोअर आटली होती, टँकर दोनदा चुकला आणि बोअरजवळचं माझं भावंड वाळून गेलं होतं. पांढऱ्या काठाचा आता मी एकटाच राहिलो होतो. पावसाळ्यात माझ्या दोन काड्या मिळतील का, हे विचारायला ते आले होते.

नाना उठून उभे राहिले. "बघा जब्बारभाई, तुमचं झाड केवड्यानं चाललं व्हतं. लई मेहनतीनं बरं केलं."

जब्बारभाई माझ्याकडे बघत राहिले. मी डोक्यापासून बुडापर्यंत हिरवागार. ते हळूच खाली बसले, फांद्या बाजूला करून आत शोधू लागले. मागच्या बाजूला, भिंतीला टेकून, बोटाएवढी एक फांदी होती. पांढऱ्या काठाची, सात पानांची.

"बीमारी नव्हती नाना ती," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "असंच रूप होतं त्याचं. पण ही एक कशी काय राहिली?"

नानांनी ती फांदी बोटानं सावरली. "ती म्याच ठेवली. रोगट हाय असं समजून बी ठेवली. सुनबाई येता-जाता त्या पानावर हात फिरवती. म्हणलं, तिच्यापुरती एक राहू द्यावी."

मोनिका चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "नाना, मला माहीत होतं," ती म्हणाली.

"मंग बोलली का नाय?"

"तुम्ही जेवायला लागला होतात."

नाना खुर्चीत बसले ते बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसले. मला वाटलं, आता पिशवी भरणार. शेवटी त्यांनी विचारलं, "आता काय करायचं, जब्बारभाई?"

"हिरवं सगळं बुडातून काढावं लागेल. नाही तर ते हिला उपाशी मारतं. काडी लावायला ही अजून कोवळी आहे, झाडावरच राहू द्या. सात पानांवर झाड जगेल का, ते अल्लाच जाणे." जब्बारभाईंनी आपली कात्री पुढं केली. "कापा तुम्हीच. तुमचा हात ह्याला सवयीचा आहे."

सहा महिने वाढवलेलं सगळं नानांनी स्वतःच्या हातानं कापलं. सावकाश, एकेक फांदी अगदी बुडातून. मग कुंडी सकाळच्या उन्हात सरकवली, खत बंद केलं, फक्त पाणी ठेवलं. तीन आठवडे माझा काही भरवसा नव्हता. नाना रोज येऊन सात पानं मोजायचे. बाविसाव्या दिवशी आठवं पान उघडलं. त्याला काठ होता.

त्या पावसाळ्यात त्यांनी माझी एकही काडी काढू दिली नाही. पुढच्या पावसाळ्यात काढल्या, वीस. सतरा जगल्या, आणि जब्बारभाईंनीसुद्धा तोंडात बोटं घातली. पंधरा फाटकापासून भिंतीपर्यंत उभ्या आहेत. एक शेजारच्यांनी मागून नेली. एक नाना स्वतः रिक्षात मांडीवर घेऊन पैठण रोडला गेले आणि बोअरजवळ लावून आले.

आजही माझ्या बुडातून मधूनच हिरवा कोंब येतो. नाना तो अंगठ्यानं मोडतात, पण फेकत नाहीत. मागच्या नळाजवळ खोचतात. "त्याचा काय गुन्हा हाय," म्हणतात. तिथं आता हिरव्यांचीही दाट रांग झाली आहे.

मी सुखात आहे आणि ह्या घराचे माझ्यावर फार उपकार आहेत. मला देखणा म्हणणारे पुष्कळ भेटले, पण त्या हिवाळ्यात माझ्याजवळ वाकून "दुखतंय का रं?" असं विचारणारा माणूस एकच भेटला. तो चुकला होता. तरी तसं मला पुन्हा कुणी विचारलेलं नाही.

तुमच्याही दारात एखादं म्हातारं माणूस झाडाला नको ते औषध घालत बसलेलं दिसलं, तर लगेच त्याची चूक दाखवू नका. झाडाचं आम्ही बघून घेऊ. तुम्ही आधी त्याला जेवायला वाढा.