काठ नसलेला रस्ता

ज्या तोंडाला अख्खी गल्ली वचकून असते, ते तोंड त्या सकाळी चाललंच नाही. अजून मला ते खरं वाटत नाही.

आधी रस्त्याचं सांगते. आमची गल्ली दोन मोठ्या रस्त्यांच्या मध्ये सापडलेली. सिग्नल चुकवायचा म्हणून सगळ्या गाड्या आमच्या दारावरून सुसाट. शिंप्याच्या मुलीच्या पायावरून चाक गेलं तेव्हा मी उठले. समिती काढली. अध्यक्ष केलं एका रिटायर मास्तरांना, कारण त्यांची सही झोकदार. बाकी काम माझं. मी नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन बसायची, आणि साहेब जा म्हणाले की आणखी ऐसपैस बसायची.

शेवटी त्यांनी एक नकाशेवाला धाडला. तरुण, शांत, बोलताना बोटाने हवेत रेघा ओढायचा. म्हणाला, "आजी, रस्ता आणि फुटपाथ एका पातळीवर आणू. मधली कड दिसली की ड्रायव्हरला वाटतं, हा सगळा पट्टा माझाच. कड नसली की तो बिचकतो, हळू येतो."

मला पटलं. त्याच कडेला अडखळून मी मनगट मोडून घेतलं होतं. "काढा ती कड," मी म्हटलं, "मुळासकट काढा."

आता माझी जाऊ. धाकटी. संसार मांडल्यावर काही वर्षांनी तिचे डोळे गेले, मग माझे दीर गेले. रडत बसेल असं सगळ्यांना वाटलं. ती खुर्च्यांना वेत विणायला शिकली. गल्लीच्या टोकाला फर्निचरवाल्याचा कारखाना आहे, तिथे रोज जाते. एकटी जाते, एकटी येते. हात धरायला गेलं तर झिडकारते. आमचं दोघींचं पटत नाही, आणि न पटण्यावर आमचं इतकी वर्षं छान चाललंय.

रस्त्याचं काम चालू होतं तोवर माझा मुलगा तिला मागच्या बोळातून स्कूटरवर सोडायचा. तिला ते मुळीच आवडत नव्हतं. काम संपल्याचं कळलं तशी ती म्हणाली, "आता उद्यापासून माझी मी जाईन. तुमच्या लेकाच्या मागे बसून माझे मणके मोडले."

"उद्या उद्घाटन आहे," मी म्हटलं. "फीत मी कापणार आहे. ये बघायला."

"काय बघू, जाऊबाई?"

"ऐकायला ये मग."

"तुमचं मी रोज फुकट ऐकते."

असं आमचं बोलणं झालं. कड काढलीय, रस्ता सपाट झालाय, हे तिला सांगायचं माझ्या मनात आलं नाही. मुलाला वाटलं मी सांगितलं असेल. सुनेला वाटलं मुलाने सांगितलं असेल. घरात तीन तोंडं, त्यातलं एक माझं, आणि सांगितलं कोणीच नाही.

उद्घाटनाच्या सकाळी कारखान्याजवळ मांडव घातला होता. दोन्ही बाजूंच्या खांबांवर कर्णे. मी ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत, मांडीवर तबक, तबकात कात्री. मास्तर कानाशी वाकून म्हणाले, "साहेबांचं भाषण होईपर्यंत तेवढं शांत राहायचं हं. तुम्ही मध्ये बोललात की माणूस वाक्य विसरतो." एरवी मी त्यांना तिथल्या तिथे वाक्यं विसरायला लावली असती. पण त्या दिवशी मला बरं वाटलं. मोठ्या माणसांत बसलोय, मोठ्या माणसासारखं बसावं, असं वाटलं. दूधवाला समोरून सायकल दामटत गेला, नव्या फरशांवर दूध सांडत गेला. मी एक अक्षर बोलले नाही.

फीत कापली. टाळ्या झाल्या. गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला लावलेले अडसर काढले, आणि साहेब माईकपाशी गेले.

तेव्हा आमच्या दारातून जाऊ बाहेर पडलेली मला दिसली.

ती नेहमीसारखी पायरी उतरली. काठी डावीकडे टेकवली. मग थोडी पुढे टेकवली. मग आणखी पुढे. एरवी तिथे कडेचा दगड असायचा आणि त्यावर काठी टक् वाजायची. आता सगळीकडे सारखाच आवाज. ती कड शोधत डावीकडे सरकत राहिली, एक पाऊल, मग आणखी एक, अगदी सावकाश. माझ्या मनात आलं, ही चाललीय तरी कुठे. आणि मग लख्ख कळलं. ती फुटपाथची कड शोधत भर रस्त्यात आली होती.

मधोमध येऊन ती थांबली. मान एका अंगाला कलती करून उभी राहिली, दाराबाहेर कोणी आलंय का ते ऐकतो ना आपण, तशी. लोकांना वाटलं, बाई रस्ता ओलांडतेय. गाड्या हळू येणार म्हणून तर केला रस्ता.

तिच्या मागून माल पोचवणारी बॅटरीची गाडी वळली. त्या गाडीला आवाजच नसतो.

मी उठले. तबक खाली पडलं. तोंड उघडलं. शपथेवर सांगते, तोंड उघडलं होतं. आवाज नव्हता. भाजीवाल्यांना, नळवाल्यांना, तीन साहेबांना घाम फोडलेला आवाज, तो तेव्हाच कुठे गेला कोण जाणे.

साहेबांचं लक्ष गेलं. ते माईकवरच ओरडले, "अहो बाई, इकडे या, इकडे."

दोन्ही खांबांवरून एकदम "इकडे" आलं. ती बिचारी एकदा उजवीकडे वळली, एकदा डावीकडे, आणि मग तिने सरळ गाडीच्या वाटेत पाऊल टाकलं.

ब्रेक लागला. गाडीचा आरसा तिच्या खांद्याला घासून गेला, काठी चाकाखाली गेली आणि मोडली. ती त्या नव्या कोऱ्या फरशांवर बसली आणि दोन्ही तळहात जमिनीवर फिरवायला लागली. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. कड शोधत होती. मला वाटतं, तोपर्यंत तिला आपण कुठे आहोत हेच कळलं नव्हतं.

खांदा काळानिळा झाला, बाकी काही नाही, डॉक्टर म्हणाले. बाकी काही नाही.

घरी आणल्यावर ती पलंगावर बसली. सुनेने चहा दिला. मग तिने विचारलं, "जाऊबाई, तुम्ही तिथे होतात?"

"पहिल्या रांगेत."

"मग बोलला का नाहीत?"

मी म्हटलं, "आवाज फुटला नाही गं."

"गाडी आली तेव्हाचं नाही विचारत. त्याआधी. सकाळपासून."

मला कळेना. ती म्हणाली, "रोज मी निघते तेव्हा तुम्ही पायरीवर असता. कोणाचा ना कोणाचा उद्धार चालू असतो. काठीला कड आणि पाठीला तुमचं तोंड, त्यावर मी सरळ जाते. कारखान्यापर्यंत ऐकू येतं. आज कड सापडेना, तेव्हा म्हटलं थांबावं, जाऊबाई कोणावर तरी घसरतीलच, म्हणजे कळेल घर कुठे आहे. उभी राहिले. तुम्ही गप्प."

मी कपाळाला हात लावून खाली बसले. इतकी वर्षं ती मला म्हणायची, तोंड आवरा, माझं डोकं उठतं. आणि त्याच तोंडावर रोज जात होती. मला कधी बोलली नाही. मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फर्निचरवाल्याने खुर्च्या घरी पाठवल्या. ती खोलीत बसून विणायची, बोलायची नाही. मी मुद्दाम तिच्या विणीला नावं ठेवली, तरी उत्तर दिलं नाही. तेव्हा मात्र मी हबकले. उत्तर न देणारी जाऊ मी आजवर पाहिली नव्हती.

नकाशेवाला घरी आला. त्याचाही चेहरा उतरलेला. म्हणाला, "कडेने उंचवटे असलेल्या फरशांचा पट्टा टाकायचाच होता. तो पुढच्या टप्प्यात आहे. तोवर घरातलं कोणी हात धरून नेईल तर..."

आतून जाऊचा आवाज आला, "तुम्हाला कचेरीत कोण हात धरून नेतं?"

त्याने कप खाली ठेवला. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला आणखी एक कप चहा पाजला. मग पट्टा कधी, ते त्याच्याकडून मास्तरांसमोर लिहून घेतलं. त्या पट्ट्यासाठी मी अजून कचेरीत जाऊन बसते, ते वेगळं.

पण पट्टा येईपर्यंत ती खोलीत विरून गेली असती. तिचे पाय एकदा घरात रुतले की बाहेर निघणार नाहीत, हे मला दिसत होतं.

नकाशेवाला येऊन गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी तिनेच विणलेली खुर्ची उचलली आणि थेट कारखान्याच्या दारात नेऊन टाकली. बसले आणि सुरू झाले. दूधवाल्याला सायकलचं विचारलं. नळवाल्याला गळक्या नळाचं विचारलं. कोणी नव्हतं तेव्हा मास्तरांच्या बंद खिडकीला विचारलं. घसा खरवडला. ती आली नाही.

त्याच्या पुढल्या दिवशी आली. मुलाने आणलेली नवी काठी हातात, आणि पायरीवर कितीतरी वेळ उभी. मी बोलत राहिले, काय बोलत होते देव जाणे. ती उतरली. माझ्या आवाजाकडे तोंड करून निघाली.

अर्ध्या वाटेत असताना मागून तीच बॅटरीची गाडी वळली. तीच, आरशावरचा ओरखडासुद्धा ओळखीचा.

माझा घसा पुन्हा मिटला. खोटं कशाला सांगू, मिटला. आवाज थांबला तशी ती थांबली, मान कलती केली. तस्सीच. रस्त्याच्या ऐन मध्ये नव्हती, पण कडेलाही नव्हती.

मग माझ्या तोंडून फाटक्या आवाजात निघालं, "अगं ए मुलखाची हेकट बाई, उभी काय राहिलीस, माझ्याकडे ये की."

ती सरळ माझ्याकडे आली. गाडी तिच्या मागून, हळूच, निघून गेली. तिला कळलंही नाही. मी सांगितलं नाही.

खुर्चीपाशी येऊन तिने काठी माझ्या पायावर आपटली, मी आहे याची खात्री करायला. मग म्हणाली, "उद्या जरा भिंतीकडे सरकून बसा. तुमच्या नादाने कुंडीत जाणार होते."

"बरं," मी म्हटलं.

"आणि आवाज कशाने कापतोय तुमचा?"

"थंडीने."

"थंडी कुठे आहे," असं म्हणून ती आत गेली.

मला खुर्ची उचलून घरी यायचं होतं. पण उठलेच नाही. कारखान्यातून तिने वेत भिजवायला पाणी ओतल्याचा आवाज येईपर्यंत मी तिथेच बसून राहिले, त्या सपाट, गुळगुळीत, काठ नसलेल्या रस्त्याकडे बघत.