दुधाची जात

माझ्या मायचा आवाज मोठा. वलगावच्या बाजारात ती पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन बसली की चार दुकानं पलीकडच्या गिऱ्हाईकालाही भाव ऐकू जातो. मी अमरावतीला कॉलेजात शिकते. गंमत म्हणून तिचे भाजी विकतानाचे छोटे व्हिडिओ मी मोबाईलवर टाकायची. पाहणारे बहुतेक गावातलेच.

मागच्या उन्हाळ्यात आरतीवहिनीला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. बीपी भलतंच वाढलेलं. सागरदादाने तिला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं आणि त्याच दुपारी मुलगी झाली. काचेच्या पेटीतलं ते लेकरू पाहून माय म्हणाली, "बाप्पा! याच्याहून जड तर आपली पानकोबी राह्यते." म्हणाली खरी, पण पदर डोळ्याला लावला.

वहिनी वेगळ्या वॉर्डात होती, धड शुद्धीतही नव्हती. अंगावर दूध नव्हतं. एवढ्याशा पोटाला वरचं दूध सोसणार नाही, असं तिथली संध्या सिस्टर म्हणाली. त्या दवाखान्यात आईच्या दुधाची बँक होती. ज्या बायांना जास्तीचं दूध येतं त्या तिथं देऊन जातात. आधी त्यांचं रक्त तपासतात, मग दूध तापवून जंतू मारतात आणि गोठवून ठेवतात. तेच दूध नळीने, थेंब थेंब, आमच्या पोरीला सुरू झालं.

"कोणाचं होय हे दूध?" मायने विचारलं.

"ते कोणाला सांगत नाहीत, काकू."

मायने त्या नळीला लांबूनच हात जोडले. "जे कोनी असन, तिच्या लेकराले औक्ष लाभो," एवढंच म्हणाली.

पोर तगली. आम्ही तिचं नाव खुशी ठेवलं. वहिनीही उठून बसायला लागली, तिला दूध उतरलं. पण तेव्हाच एक दिवस शेजारच्या पेटीतल्या बाळाचा बाप दूध मागायला आला, तर सिस्टर त्याला सांगत होती की फ्रिज रिकामा झालाय. ऊन रणरणतं, त्यात लग्नसराई. देणारं कोणी फिरकत नव्हतं. माय तिथेच उभी होती.

"मंग लोकाइले सांगत काहून नाई तुमी?"

"बोर्ड लावलाय ना, काकू."

"बोर्ड कोन वाचते वं! बाईले बाईनंच सांगा लागते." मग माझ्याकडे वळून, "वर्षाली, काढ तुहा मोबाईल."

सिस्टरने मोठ्या डॉक्टरांना विचारलं. एकाही बाळाचा चेहरा दिसता कामा नये, या अटीवर त्यांनी होकार दिला. आवारातल्या कडुनिंबाखाली माय उभी राहिली आणि एका दमात बोलली.

"बायांनो, मी वलगावची सुभद्रा. माही नात कोन्या अनोळखी बाईच्या दुधावर जगली. तिचे पाय धरावं वाटते, पन कोन होय ते मालूमच नाई. आज दुसऱ्याइची लेकरं अंदर उपाशी हायेत. तुमच्या लेकराचं पोट भरून दूध उरत असन तर या. अन् सासवांनो, सुनेले आडवू नका. हात धरून घेऊन या."

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत वलगावच्या बाहेर गेला. दादा मात्र तणतणत वॉर्डात आला. "माय, बायांच्या दुधाची गोष्ट चारचौघात! दोस्त फोन करकरू हासून राहिले."

माय काही बोलायच्या आत खाटेवरून वहिनी म्हणाली, "अहो, तुमची पोरगी जित्ती हाये ना? मंग फोन उचला अन् तेच सांगा त्याइले."

दादाचा मोबाईल पुन्हा वाजला. त्याने खरंच तो उचलला.

व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं मात्र वाचवत नव्हतं. कोणी मायच्या बोलीची नक्कल केली होती. आणि बऱ्याच जणांनी एकच विचारलं होतं : दूध कोणत्या जातीच्या बाईचं पाजता? कोणत्या धर्माच्या? मी ते पुसून टाकणार होते. माय म्हणाली, "पुसू नको. वाच." बाजारातल्या दुकानात मेथीवर पाणी शिंपडत तिने सगळं ऐकून घेतलं. मग हात पुसले. "आता घे माहा व्हिडिओ."

"इचारून राहिले, दूध कोन्या जातीचं. म्हशीचं दूध पेता तवा तिले इचारता काय बाप्पा, तू कोनाची होय म्हून? माह्या नातीच्या नळीत थेंब पडे तो म्या पाह्यला. पांढरा होता. ज्याले जात पाह्याची असन त्यानं खुशाल पाहावी, पन आधी त्या पेटीजवळ उभं राहून उपाशी लेकराचं रडनं आयकून दाखवावं. अन् माही बोली आयकून हासू येते, तं हासा. हासनं झालं का सुनेले घेऊन या."

हा व्हिडिओ सुटला तो सुटलाच. मोर्शीला माझ्या मामाला तो संत्र्याच्या लिलावात ऐकू आला. पुण्याहून, दुबईहून फोन आले. कालपर्यंत नक्कल करणारेच तो पुढे पाठवत होते.

दोन-तीन दिवसांनी संध्या सिस्टरचा फोन आला. "वर्षाली, काकूंना घेऊन ये गं. इथं बसायला जागा उरली नाही."

आम्ही गेलो. अंजनगावच्या, मोर्शीच्या, शहरातल्या बाया आलेल्या. बहुतेकींबरोबर सासू. बुरखा घातलेली एक बाई आणि हिरव्या चुड्याची एक सून एकाच बाकावर आपापली लेकरं थोपटत होत्या. आमची वहिनीही, आता पेटीबाहेर आलेल्या खुशीला दादाकडे देऊन, रांगेत बसली होती. सिस्टर एकेकीचं रक्त तपासणीला घेत होती.

भिंतीला टेकून एक पोरगी एकटीच उभी होती. कडेवर लेकरू नव्हतं. माय तिच्याजवळ गेली. "कोठची वं तू?"

"अकोल्याची." ती खाली पाहत म्हणाली, "काकू, माहं बाळ गेलं. पन दूध थांबत नाई. फेकून द्याले जीव होत नव्हता. तुमाले मोबाईलवर पाह्यलं, मंग समजलं ते कोठी न्यावं."

मायने तिला पोटाशी धरलं. मग माय तिला स्वतः आत घेऊन गेली, खुर्चीवर बसवलं, सिस्टरच्या हाती दिलं आणि बाहेर येऊन दाराशी उभी राहिली.

तेवढ्यात दोन माणसं मोबाईल उंच धरून आत डोकवायला आली. त्यांना व्हिडिओ काढायचा होता. मायने दोन्ही हात आडवे पसरले. पूर्ण वॉर्डाला ऐकू जाईल असा तिचा आवाज लागला, आणि मला वाटलं, या आवाजाच्या पोटी आपण जन्मलो, याहून आणखी काय हवं.

"मोबाईल खिशात ठेवा अन् मांगं व्हा," माय म्हणाली. "अंदर माह्या लेकी बसल्या हायेत."