हिरव्या पट्टीचा माईक

"साहेब, दोन घंट्यांसाठी म्हून आणलं तुम्ही मले. सूर्य डोक्यावर आला. तुमची बाई अजून तोंड उघडून नाही राह्यली, अन् मलेच म्हणता थांब."

जब्बारनं हातातला माईक जीपच्या बॉनेटवर आपटला. पुंडलिकराव दचकले. माईकला काही झालं नाही. त्याला काही होतच नसे.

"अहो, आपटता काय? तोच एक उरला आहे."

"हा नाही मरत. मेला तो तुमचा."

तेही खरंच होतं. पुंडलिकराव नागपूरच्या एका संस्थेसाठी गाणी गोळा करत फिरत होते. तीन दिवसांपासून दारव्ह्याच्या आसपासचे बंजाऱ्यांचे तांडे पालथे घालत होते. सोबत जीप, जीपमध्ये टेपचं मशीन, आणि एका पेटीत कापसावर निजवलेला नाजूक माईक. वाऱ्यानं जरा फुंकर घातली की तो खरखरायचा, बकरी ओरडली की गाण्याच्या आधी बकरीच टेपवर यायची. काल सायंकाळी वावटळ आली आणि त्यानं कायमचा जीव टाकला. म्हणून आज सकाळीच पुंडलिकरावांची जीप जब्बार माईकवाल्याच्या दारात उभी राहिली होती.

दारात मांडव होता. कालच त्याच्या पोरीचा, जमिलाचा निकाह झाला होता. पुसदहून आलेले पाहुणे ओसरीवर चहा पीत होते, आणि आज असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजाआधी त्यांच्यासोबत ती सासरी जाणार होती. जब्बारनं साहेबाचं म्हणणं ऐकलं, पायात चपला घातल्या, खुंटीवरचा माईक घेतला. त्याची बायको सुग्राबी पाहुण्यांच्या कपबशा घेऊन चालली होती. ती तिथंच थांबली.

"आज?" ती एवढंच म्हणाली.

"दोन घंट्यात येतो," असं म्हणून तो जीपमध्ये बसला. कोणी काही म्हणायच्या आत बसला.

आता दीड वाजून गेला होता. तांड्यातल्या निंबाखाली सावली होती, पण नावापुरती. मशीनला करंट जीपच्या बॅटरीतून यायचा, म्हणून जीपही सावलीतच घुसवली होती आणि माणसं उन्हात. फक्त रुपीबाई सावलीत बसली होती. सत्तरीची म्हातारी, एका डोळ्यात मोतीबिंदू, कोपरापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या. सकाळपासून तिच्यासमोर माईक धरून धरून जब्बारचा दंड भरून आला होता. ती माईककडे अशी पाहायची, जणू तो न बोलावता जेवायला आलेला पाहुणा आहे.

पुंडलिकरावांना तिच्याकडून ढावलो पाहिजे होता. तांड्यातली पोरगी सासरी निघते तेव्हा रडत रडत जो गाते, तो. या भागातून सासरी गेलेल्या कितीतरी पोरींना तो रुपीबाईनंच शिकवलेला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती राहील न राहील, असं तांड्याचा नाईक देवसिंग स्वतःच म्हणाला होता, तेही तिच्यासमोर. तिला त्याचं काही वाटलं नव्हतं.

"आजी, एकदा म्हणा ना," पुंडलिकराव विसाव्यांदा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. तीन दिवसांत त्यांच्या पोटात ताकाशिवाय काही टिकलं नव्हतं. "यात बोट घालायचं नाही, काही नाही. फक्त तोंडासमोर धरायचा."

"याच्या मानेत हात टाकू काय?" रुपीबाई म्हणाली.

देवसिंग हसला. पुंडलिकरावांना कळलं नाही.

"साहेब, ढावलो असा बसून नाही म्हणत," देवसिंगनं सांगितलं. "मानेत हात टाकून रडा लागते. जाणारी पोरगी एकेकाच्या मानेत हात टाकते. मायच्या, भावाच्या, बापाच्या. मंग ते गाणं निंघते. मोकळ्या हातानं कसं निंघन?"

"मग एखादी मुलगी बसवा ना शेजारी. पाच मिनिटं."

देवसिंगचं हसू गेलं. निंबापलीकडे बायका उभ्या होत्या. त्यांतल्या एकीनं आपल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरीला दंडाला धरून मागं ओढलं.

"जिचं जायचं नाही, तिले कोणी वाटे लावत नसते साहेब. यंदा तांड्यात लग्न नाही. तुम्ही पुढच्या साली या."

पुंडलिकराव जीपच्या पायरीवर बसले. रुमाल काढला, पण तोंड पुसलं नाही. नुसता हातात धरून बसले. टेपच्या थांबलेल्या चकत्यांकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "जब्बारभाई, तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं. तुमच्या घरी कार्य आहे आणि मी तुम्हाला इथं अडकवलं. गुंडाळा सगळं. सोडतो तुम्हाला."

भांडणाऱ्या माणसाला समोरच्यानं हो म्हटलं की त्याचे हात रिकामे होतात. जब्बारचे तसे झाले. तो वायरीशी बसला. प्लग ओढून काढायला किती वेळ लागतो? पण त्यानं तो काढला, फुंकला, पुन्हा खोचला.

"इथं जरा ढिल्लं वाटते," तो म्हणाला. "अन् हे मशीन लगेच नाही उचला लागत. गरम हाय. थंडं होऊ द्या."

"मशीन माझं आहे हो. मला माहीत आहे."

"तुम्हाले मशीन माहीत हाय. मले वायर माहीत हाय."

देवसिंगनं त्याच्याकडे पाहिलं, मग निंबाला टेकवलेल्या आपल्या सायकलकडे. "भाऊ, तुले घाई हाय तं सायकल घेऊन जाय न. नऊ मैलाचा तं रस्ता. हे साहेब येतीन मागून. माही सायकल उद्या धाडजो."

जब्बार उठला, सायकलीजवळ गेला, चाक अंगठ्यानं दाबलं. चाक दगडासारखं होतं.

"हवा कमी हाय," तो म्हणाला, आणि परत येऊन वायरीशी बसला.

रुपीबाईनं मान वळवली आणि आपला चांगला डोळा त्याच्यावर लावला.

जब्बार माईकशी खेळत राहिला. माईक म्हणजे हातात मावेल असा लोखंडी दांडा, वर जाळीचं डोकं. मूळचा कुठल्यातरी स्टुडिओतला. त्यानं तो नागपूरच्या जुन्या बाजारातून उचलला त्याला सात वर्षं झाली. दोन निवडणुका यानंच ओरडून काढल्या. चीनच्या लढाईत सोनं मागायला आलेले पुढारी याच्याच तोंडाशी तोंड लावून रडले. बैलगाडीवरून पडला, नाल्यात बुडला, एका जत्रेत तर जब्बारनं याच्यानंच तंबूची खुंटी ठोकली होती. जाळीला पोचा आला, आवाज तोच राहिला. एकच खोड होती. दूरचं घेत नव्हता. तोंडाशी आणला तरच ऐकायचा.

दांड्यावर हिरव्या कापडाची पट्टी गुंडाळलेली होती, ओढणीची. पावसाळ्यात दांडा झिणझिण करंट मारायचा म्हणून जमिलानं गुंडाळली होती, दहा वर्षांची होती तेव्हा. दुकानात माईक तपासायचं काम तिचंच होतं. जब्बार आत मशीनशी बसायचा आणि हाक मारायचा, "जमिला, गिन." ती बाहेर माईक धरून गिनायची. एक, दोन, तीन. आवाज ठीक आहे हे त्याला पाचलाच कळायचं. तरी तो तिला वीसपर्यंत गिनू द्यायचा.

"तुह्या घरून कोण चाललं?" रुपीबाईनं विचारलं.

जब्बारनं वर पाहिलं नाही. "पोरगी."

"केव्हा?"

"आजच. असरच्या आधी. चार-साडेचारले गाडी निंघन."

"कितवी?"

"एकच हाय."

"मंग इथं कायले बसला?"

"कायले म्हंजे?" जब्बार उसळला. "काम हाय म्हून बसलो. या साहेबाचा माईक मेला त्याले मी काय करू? वायर ढिल्ली हाय, सायकलीत हवा नाही, तू सकाळपासून तोंड उघडून नाही राह्यली. तू म्हणली असती तं मी केव्हाच घरी गेलो असतो."

"हवा हाय," रुपीबाई म्हणाली. "माह्या एका डोळ्यानं दिसते मले."

जब्बारनं पट्टीचं सुटलेलं टोक दांड्याच्या आत खोचलं. ते पुन्हा सुटलं.

रुपीबाई हातावर जोर देऊन उठली. उठायला तिला वेळ लागला. बांगड्या कोपरावर येऊन आदळल्या. ती जब्बारसमोर येऊन उभी राहिली.

"उठ," ती म्हणाली.

"काहून?"

"साहेबाले गाणं पाह्यजे न? उठ. मी तुह्या मायएवढी हाय, लाजू नोको."

तो उठला. पुंडलिकरावांना काय होतंय ते कळायच्या आत म्हातारीनं आपले दोन्ही हात जब्बारच्या मानेत टाकले आणि कपाळ त्याच्या खांद्याला लावलं. देवसिंग अर्धा उठला आणि तसाच वाकून राहिला. जब्बारचे हात कुठं ठेवावे ते जब्बारला कळेना. एका हातात माईक होता. तो दोघांच्या मध्ये, तिच्या तोंडाशी आणि त्याच्या छातीशी अडकला.

पुंडलिकरावांनी हळूच बटण दाबलं. चकत्या फिरू लागल्या.

आवाज आला तो गाण्यासारखा नव्हताच. आधी नुसता हुंदका, मग हुंदक्याचीच लांबण, मग लांबणीत शब्द. म्हातारीचा आवाज कुठं गेला कोण जाणे. खांद्याशी कोणी पोरगीच रडत होती. जब्बार तांड्यांवरच्या लग्नांत भोंगे बांधून म्हातारा व्हायला आला होता, पण तेव्हा तो दूर खांबावर असायचा, किंवा वायरीशी. ढावलो त्यानं पन्नासदा ऐकला होता. एवढ्या जवळून कधी ऐकला नव्हता.

त्यांची बोली त्याला अर्धीच यायची. अर्धी पुरली.

बापू, म्हणत होती ती. बापू, तुझ्या दारचा निंब मोठा झाला, मीही मोठी झाली, निंबाला तू जा म्हटलं नाहीस. बापू, पहाटे उठून तू माझ्या नावानं हाक मारशील, तुझ्या तोंडाला सवय आहे. उद्या हाक मारशील आणि मग तुझ्याच ध्यानात येईल. बापू, त्या वेळी घरातल्यांकडे पाहू नको, बाहेर पाहा. बापू, सगळ्यांच्या मानेत हात टाकले मी, तू कुठं आहेस? तुला सगळ्या मांडवात धुंडून राहिली मी, बापू, तू कुठं आहेस?

शेवटचं तिनं पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. प्रत्येक वेळी तिचा मानेतला हात घट्ट होत गेला. मशीनवरची सुई उठायची, थरथरायची, पडायची. पुंडलिकराव सुईकडे पाहत होते. आयुष्यात त्यांना असं काही मिळालं नव्हतं, आणि ते अजून संपलं नव्हतं. ढावलो लांब असतो. मायचं यायचं होतं, भावाचं यायचं होतं.

जब्बारनं हिरव्या पट्टीकडे पाहिलं. ती त्याच्या घामानं भिजून काळी पडली होती.

त्यानं मोकळा हात वर नेला आणि मानेतले म्हातारीचे हात सोडवले. एक मनगट, मग दुसरं. बांगड्या वाजल्या. तिनं ओढ घेतली नाही. गाणं मात्र थांबवलं नाही. तिचे ओठ हलतच होते.

पुंडलिकरावांनी जोरात हात हलवून खूण केली, थांबा, थांबा, आणखी दोन मिनिटं.

जब्बारनं माईक रुपीबाईच्या हातात दिला, तिची बोटं हिरव्या पट्टीवर नीट मिटवली, आणि निंबाला टेकवलेली सायकल ओढली. सायकल घेऊन तिच्यासमोरून जाताना त्याचं तोंड माईकशी आलं. तो बोलला तेव्हा मशीनवरची सुई एकदा त्याच्यासाठीही उठली.

"मले आता निघा लागते."