आईच्या आवाजातलं वाक्य

डॉक्टरांनी आईचं स्वरयंत्र काढलं आणि गळ्याच्या खालच्या अंगाला एक भोक ठेवलं. श्वास तिथूनच. आत एक छोटी झडप बसवलेली आहे. अंगठ्याने भोक दाबून बोललं की आवाज निघतो. आईने तो आवाज एकदाच ऐकला आणि वाचाउपचारवाल्या ताईंना पाटीवर लिहून दिलं, ‘यापेक्षा बेडूक परवडला.’ त्यानंतर तिने गळ्याला अंगठा म्हणून लावला नाही.

तिचं दुःख मला समजत होतं. आई म्हणजे आमच्या चर्चचा आवाज. तीस वर्षं रविवारचा शास्त्रपाठ तिने वाचला आणि उपासनेनंतर मुलांना गोष्टी सांगितल्या. त्या गोष्टींच्या बावीस कॅसेटी माळ्यावर पडून होत्या. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. कॉम्प्युटर मी कुणाकडे शिकले नाही, चुका करत करत आला. ताईंनी एक अ‍ॅप सुचवलं. मी तीन आठवडे बसून कॅसेटी साफ केल्या, मधेमधे खोकणारी पोरं कापून टाकली, आणि सगळं त्या अ‍ॅपला ऐकवलं. एका दुपारी आईने फोनवर टाइप केलं आणि फोन तिच्या जुन्या, गोड आवाजात म्हणाला, “चहा कर.”

मी तिथेच रडायला लागले. तिने पुन्हा टाइप केलं. “रडतेस काय? आधण ठेव.”

चर्चमध्ये खजिनदारकाकांनी हरकत घेतली. “देवाचं वचन आता यंत्राने वाचायचं?”

पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, “काका, तुमच्या कानात काय आहे?”

“काय म्हणालात?”

“कानात! ते यंत्रच ना? त्यातून तुम्ही वचन ऐकता, तर तिने यातून वाचलं म्हणून काय बिघडलं?”

काकांनी कानातलं मशीन चाचपलं आणि ते खाली बसले. त्या रविवारी आईचा आवाज पुन्हा चर्चभर घुमला. आई फोन दोन्ही हातांत धरून उभी होती, ओठ मिटलेले. मी मनात म्हटलं, प्रभू, तुझे उपकार.

इथपर्यंतचं देवाचं देणं. पुढचं माझं.

माझ्या धाकट्या भावाला आम्ही धांदऱ्या म्हणतो. नाव आईनेच ठेवलेलं. चार वर्षांपूर्वी गाडी चालवता चालवता तो कुणाला तरी फोनवर ‘पोचतोच’ असं टाइप करत होता. पाठवायचं राहिलं. बाबा शेजारच्या सीटवर होते. त्यांना माती देऊन आलो त्या दिवशी आई त्याला म्हणाली, “मला पुन्हा तोंड दाखवू नकोस.” तिच्या स्वतःच्या आवाजात त्याच्याशी बोललेलं ते शेवटचं.

तो दुसऱ्या गावी गेला. बटणांचा साधा फोन घेतला. दर रविवारी दुपारी, आई झोपली की मला फोन करायचा.

“ताई, आई काही बोलली?”

“नाही रे.”

मग इकडचं तिकडचं. एका रविवारी मात्र तो म्हणाला, “आता मी नाही फोन करणार. तूही दमली असशील.”

“काहीतरीच काय? मी कधी म्हटलं?”

“तसं नाही गं. खोली रिकामी केली. कपडे, भांडी वाटून टाकली.”

“कुठे चाललास?”

“कुठे नाही. सगळं आवरतोय फक्त.”

हे आवरणं कसलं ते मला कळलं. आईला उठवायला हवं होतं. पण ती ‘नाही’ म्हणाली असती तर? तिचा फोन माझ्या टेबलावर चार्जिंगला लावलेला होता. “एक मिनिट धर, आई बोलतेय,” असं मी म्हणाले आणि टाइप केलं. मग फोनला फोन लावला.

“बाळा, मी तुला क्षमा केली आहे. घरी ये.”

मग तो रडला, लहानपणी पडल्यावर रडायचा तसा, श्वास अडकवून. म्हणाला, “येतो. पुढच्या रविवारी येतो.”

आठवडाभर मी रोज संध्याकाळी त्याला फोन करत होते. तो जेवत होता, तिकीट काढलं होतं. खोटं बोलले हे खरं आणि तो सावरला हेही खरं. दोन्ही एकाच पदरात बांधून मी फिरत होते. प्रार्थनेला बसले की आमेनच्या आधीच उठायची. आईला उद्या सांगू, उद्या सांगू, करत रविवार उजाडला.

उपासनेहून येऊन आई टेबलापाशी बसली होती. बेल वाजली. तो दारात उभा, केस अर्धे पिकलेले, हातात एक पिशवी.

“आई,” तो म्हणाला, “तू मला बाळा म्हणालीस.”

आईने जन्मात त्याला बाळा म्हटलेलं नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग फोनकडे, मग माझ्याकडे. तिचं बोट फोनवर गेलं आणि तिथेच थांबलं. ती माझी वाट बघत होती.

“ते आई नाही बोलली,” मी म्हणाले. “मी लिहिलं. मला तुझ्या जिवाची भीती वाटली.”

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसती मान हलवली. “तरीच. बाळा कुठली म्हणायला.” आणि पिशवी उचलली.

आईने टेबलावर थाडकन हात आपटला. तो थांबला. तिने फोन घेतला, काहीतरी टाइप केलं, पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. मग फोन पालथा ठेवला आणि अंगठा गळ्याकडे नेला.

पत्रा फरशीवरून ओढावा तसा तो आवाज. दोन शब्दांत दम संपत होता.

“अजून... जमलं नाही.” श्वास. “रोज मागते... देवाकडे.” श्वास. “मिळेपर्यंत... इथेच राहा.”

तो हलेना.

“बस, धांदऱ्या.”

तो बसला, पिशवी मांडीवर तशीच. मग आईने फोन सुलटा केला आणि तो मधाळ आवाज माझ्याकडे वळला. “आणि तू. पुन्हा माझ्या तोंडाने बोललीस तर याद राख.”

“चुकले, आई. माफ कर.”

तिने सावकाश टाइप केलं. “तुझ्यासाठीही मागावं लागणार. यादी वाढली.”

आता तिच्या फोनला कुलूप आहे, आकडा तिलाच ठाऊक. रविवारचा शास्त्रपाठ फोन वाचतो. खजिनदारकाका पहिल्या बाकावर येऊन बसतात. घरी धांदऱ्याशी मात्र ती अंगठा लावूनच बोलते, दिवसाला चार-पाच वाक्यं. क्षमेचं ते वाक्य अजून त्यांत आलेलं नाही. तो विचारत नाही. रोज सकाळी आई मान वर करून बसते आणि तो छोट्या ब्रशने तिच्या गळ्यातली झडप साफ करतो, जराही धांदल न करता.