पिराजीनं घेतलेली ट्रायल

पिकअप आम्ही घेतली आणि त्या ट्रायलमध्ये कुणी मेलं नाही. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं धरा. त्या दुपारी पन्हाळ्याच्या घाटात आम्हालाही हे कुणी आगाऊ सांगितलं नव्हतं.

साल हेच, सत्त्याण्णव. माझ्या बायकोला, अक्षताला, सातवा महिना लागलेला. ती पन्हाळ्याला तालुक्याच्या कचेरीत कामाला, आणि कोल्हापुरातून एसटीत उभ्यानं जाणं डॉक्टरांनी बंद केलेलं. रोज सोडायला-आणायला गाडी हवी होती. कार परवडेना, म्हणून जुनी पिकअप. मी शिकाऊ. मैदानात गोल गोल बरी चालवायचो, पण जगात चढउतार असतात.

आमच्याकडं गाडी बघायला जाणकार न्यावा लागतो. जाणकार म्हणजे टायरला लाथ मारून तोंड वाकडं करणारा माणूस. आमच्या गल्लीतला पिराजी लाथ फार सुंदर मारायचा. गाडीचे मालक गणपतराव पन्हाळ्याचेच. त्यांच्या दारात पिराजीनं चारी टायर लाथाडले, बॉनेटला कान लावला, सायलेन्सरचा वास घेतला आणि ट्रायल घेऊ म्हणाला. स्टिअरिंगवर तोच बसला. मधे मी, खिडकीशी अक्षता, कारण सीट तिलाच बघायची होती. गणपतराव मागं हौद्यात उभे राहिले.

गाडीचं तोंड उताराला होतं. हँडब्रेक सोडल्यावर ती आपोआपच निघाली, त्यामुळं पिराजीला गाडी येत नाही हे कळायला पहिलं वळण यावं लागलं. ते त्यानं दरीच्या बाजूनं घेतलं. खाली ऊस दिसला. फार खाली.

गणपतरावांनी टपावर थाप मारली. हौद्यातनं एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे इथं शेंबडं पोरही जाणतं. पण भ्यालेला माणूस एका थापेवर थांबत नाही. ते बडवत सुटले.

"मालक जाऊ दे म्हणत्यात की," पिराजी म्हणाला. घाम त्याच्या नाकाच्या शेंड्यावर लोंबत होता, पण पुसायला हात सोडायची त्याची तयारी नव्हती.

मी ओरडायला तोंड उघडलं. समोर वळण होतं आणि वळणापलीकडं नुसतं आभाळ.

"भावजी, ब्रेक दाबा," अक्षता अगदी हळू म्हणाली.

"कंचा त्यो, वैनी?"

"मधला."

लायसन्सच्या वेळी माझं पाठांतर तिनंच घेतलं होतं. पिराजी दोन्ही पायांनी मधल्यावर उभाच राहिला. गाडी घसरत गेली आणि वळणावरच्या खडीच्या ढिगात नाक खुपसून थांबली. गणपतराव त्यानंतरही थोडा वेळ बडवतच होते.

मग ते उतरले आणि म्हणाले, गाडी तुम्हीच न्या पावणं, मी हिच्यात परत पाय ठेवत न्हाय. पिराजीनं उतरून पुढच्या टायरला लाथ मारली.

"ब्रेक चांगलं हायत."

मी अक्षताकडं बघितलं. तिचा हात पोटावर होता.

"हललं बाळ," ती म्हणाली. मला रडू आलं. पिराजीनं सगळ्यांना सांगितलं, खडीची धूळ गेली ह्याच्या डोळ्यात.

आता आठवा चालू आहे. सकाळी घाट मी बिनघोर चढतो. संध्याकाळी मात्र उताराच्या तोंडाशी माझा पाय मधल्यावरून उठत नाही, आणि अक्षता पोट धरून समोर बघत राहते. म्हणून बांधकाम खात्याकडं रीतसर अर्ज टाकला आहे. सबब, अर्जदाराच्या पत्नीची बाळंतपणाची रजा सुरू होण्यापूर्वी सदर घाट जाताना व येताना, दोन्ही वेळेस चढाचाच करण्यात यावा व तसे लेखी कळवावे, ही नम्र विनंती.